लेकीचं कॉलेज, आजोबांचे पाच हजार आणि फॉर्म ८८६३

ताई, नमस्कार.

आम्ही एडिसनला राहतो, पंधरा वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे. मोठी लेक, वय १८, गेल्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीत गेली. पहिल्या सेमिस्टरचं बिल सोळा हजार डॉलर: ट्यूशन आणि फी ८,६००, डॉर्म आणि मील प्लॅन ७,४००. त्यातून १,५०० ची स्कॉलरशिप वजा. सासऱ्यांनी पुण्याहून नातीला भेट म्हणून ५,००० थेट युनिव्हर्सिटीला पाठवले. राहिलेले ९,५०० आम्ही ५२९ मधून, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यातून, काढले. पुस्तकांचे ४२० आणि लॅपटॉपचे १,१०० कार्डावर गेले. २०२५ च्या रिटर्नवर आमचा एजीआय, म्हणजे टॅक्ससाठी धरलं जाणारं उत्पन्न, १ लाख ७२ हजार येतो. तो सगळा यांच्या पगाराचा. मी सध्या घरी आहे, येत्या सप्टेंबरपासून परत नोकरी धरणार आहे. त्याच तयारीसाठी मागच्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात बुककीपिंगचा कोर्स केला, ९०० डॉलर.

यांचे एक मित्र दर वर्षी सगळ्यांना टॅक्सचे सल्ले देतात. ते म्हणाले, तुमचं उत्पन्न जास्त, तुम्हाला काही मिळायचं नाही. शिवाय ५२९ ला हात लावलात म्हणजे कॉलेजच्या खर्चावरचं टॅक्स क्रेडिट गेलंच. आणि हवंच असेल तर नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरा. मी कुठेतरी चार हजारांच्या ट्यूशन डिडक्शनबद्दलही वाचलंय. एवढं सगळं चाललेलं असताना आमचं ई-फाइल केलेलं रिटर्न परत आलं! लेकीनं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात ३,८०० डॉलर कमावले होते. त्यातून कापलेले २१० परत मिळावेत म्हणून तिनं फोनवरून स्वतःचं रिटर्न भरून टाकलं होतं. हे तिच्यावर ओरडले. दोन आठवडे झाले, तिचा घरी फोन नाही. काय करू?

एडिसनहून, एक आई

अहो, पहिल्यांदा लेकीला फोन करा. टॅक्सचं नंतर बघू.

अठरा वर्षांच्या मुलीनं कोणाला न विचारता स्वतःचं रिटर्न भरलं, याचं मला तरी कौतुकच वाटतं. तिचा रिफंड तिच्या हक्काचाच होता. चुकली ती एकाच खुणेवर. ‘तुम्हाला दुसरं कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का,’ असा प्रश्न असतो, तिथे तिनं ‘नाही’ म्हटलं असणार. मुलं कॉलेजात गेली की त्यांना वाटतं, आता आपण स्वतंत्र. आयआरएसच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, लेखी मात्र डॉर्ममधली मुलगी घरीच राहत असते. शिक्षणासाठी बाहेर राहणं हा तात्पुरता मुक्काम धरतात. वय १९ च्या आत, किंवा पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत, आणि स्वतःच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग ती स्वतः उचलत नसेल, तर ती तुमची डिपेंडंट. ३,८०० डॉलरमध्ये तिचा अर्धा खर्च भागत असता तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं.

त्या एका खुणेनं तुमचं दुहेरी नुकसान होतं. सतरा वर्षांवरच्या डिपेंडंटसाठी मिळणारे ५०० डॉलर जातात, आणि कॉलेजचं क्रेडिटही जातं. कारण हे क्रेडिट फी कोणी भरली यावर ठरत नाही, मूल कोणाच्या रिटर्नवर डिपेंडंट आहे यावर ठरतं. हा नियम नीट डोक्यात बसला की तुमच्या पत्रातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तेव्हा तिचा रिफंड खात्यात जमा झाला की तिला १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरायला सांगा. ती खूण ‘हो’ करायची, बस. आणि तिला हेही सांगा की यात तिचा एक पैसा जात नाही. डिपेंडंट मुलाचं स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे त्याची कमाई अधिक ४५० डॉलर. तिचं झालं ४,२५०. कमाई ३,८००. टॅक्स शून्यच, २१० तिचेच. मला वाटतं, घरातलं भांडण मिटवायला हे एवढं गणितच पुरेल. यांनी ओरडायच्या आधी हे गणित केलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

तुमचं रिटर्न परत आलं त्यावर उपाय दोन. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून यांच्या नावाचा आयपी पिन, म्हणजे ओळख पटवणारा नंबर, काढा, तो घालून पुन्हा ई-फाइल करून बघा. २०२५ च्या सीझनपासून, डिपेंडंट आधीच दुसऱ्या रिटर्नवर दाखवला गेला असला तरी पिन असलेलं रिटर्न ते घेतात. नाहीच गेलं तर छापा, दोघांनी सह्या करा, पोस्टानं पाठवा. पण थांबा, ते पाठवायच्या आधी खालचं वाचा, कारण त्या रिटर्नमधला एक आकडा आपल्याला बदलायचा आहे.

आता यांच्या मित्रांकडे येऊ. प्रत्येक मराठी मंडळात असा एक गृहस्थ असतोच. त्यांची एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकी दोन साफ चूक.

वेगवेगळं रिटर्न भरायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. लग्न झालेल्या जोडप्यानं ‘मॅरिड फाइलिंग सेपरेटली’ केलं की शिक्षणाची दोन्ही क्रेडिट्स बंद. उत्पन्न कितीही कमी असो. म्हणजे जे मिळवायला वेगळं व्हायचं, तेच वेगळं झाल्यामुळे जातं.

चार हजारांचं डिडक्शन तुम्ही वाचलंत ते एके काळी होतं. २०२० च्या टॅक्स वर्षानंतर ते गेलं. जुने लेख अजून फिरत असतात.

राहिलं ते ‘अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट’. २००९ मध्ये आलं, २०१५ च्या कायद्यानं कायम झालं. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० डॉलर: खर्चाच्या पहिल्या २,००० चे पूर्ण २,००० आणि पुढच्या २,००० चे पाव, म्हणजे ५००. चार हजारांच्या पुढे तुम्ही चाळीस हजार भरा, क्रेडिट तेवढंच. आणि हे डिडक्शन नव्हे. डिडक्शननं उत्पन्न कमी होतं, क्रेडिटनं थेट टॅक्स कमी होतो. ज्यांचा टॅक्सच शून्य आहे त्यांनाही यातले ४० टक्के, कमाल १,००० डॉलर, रोख परत मिळतात. अट अशी की विद्यार्थी पदवीसाठी शिकत असावा, एका टर्मपुरता तरी निदान हाफ-टाइम शिकत असावा, आणि वर्षाच्या सुरुवातीला त्याची कॉलेजची पहिली चार वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

मित्रांचं अर्धं खरं इथे आहे. जॉइंट रिटर्नवर १ लाख ६० हजारांपर्यंत पूर्ण क्रेडिट, १ लाख ८० हजारांना शून्य, मध्ये उतरण. एकट्याला हीच उतरण ८० ते ९० हजार. हे आकडे महागाईबरोबर वाढत नाहीत. २००९ साली १ लाख ६० हजार म्हणजे बरंच होतं. आज न्यू जर्सीत आयटीतला एक पगार तिथे पोचतो. पगार चढत गेले, कुंपण जागच्या जागी राहिलं, आणि म्हणून आपल्याकडे ‘आपल्याला नाही मिळत’ हे वाक्य पाठ झालंय. पण तुम्ही कुंपणाबाहेर नाही, उतरणीवर आहात. १ लाख ७२ हजार म्हणजे वरच्या टोकापासून आठ हजार आत. वीसमधले आठ, म्हणजे ४० टक्के. तुम्हाला आजच्या घडीला १,००० डॉलर मिळतात. शून्य नव्हे.

आणि एजीआय काही दगडावर कोरलेला नसतो. वर्ष संपलं असलं तरी एक दार पंधरा एप्रिलपर्यंत उघडं आहे, आणि त्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहे, यांच्याकडे नाही.

तुम्ही घरी आहात, म्हणजे तुम्हाला नोकरीतला रिटायरमेंट प्लॅन नाही. जॉइंट रिटर्न असेल तर यांच्या कमाईच्या आधारावर तुमच्या नावानं ट्रॅडिशनल आयआरए, म्हणजे स्वतःचं रिटायरमेंट खातं, उघडता येतो. २०२५ सालासाठी ७,००० डॉलर. तुमचं वय पन्नाशीच्या आत धरते. पन्नास पूर्ण असतील तर ८,०००. यांना ऑफिसात ४०१(के), म्हणजे नोकरीतला रिटायरमेंट प्लॅन, आहे म्हणून डिडक्शन मिळणार नाही, असं कोणी सांगेल. ती अट यांच्या स्वतःच्या आयआरएसाठी कडक आहे. नोकरीत प्लॅन नसलेल्या जोडीदारासाठी ती बरीच सैल, २०२५ ला २ लाख ३६ हजारांपर्यंत पूर्ण डिडक्शन. तुम्ही त्याच्या खूप आत आहात.

आता बघा काय होतं. सात हजार भरले की एजीआय १ लाख ६५ हजार. उतरणीवर ७५ टक्के. लेकीचं क्रेडिट १,००० वरून १,८७५. शिवाय सात हजारांवरचा २२ टक्के टॅक्स वाचला, १,५४०. पैसे गेले कुठे? तुमच्याच म्हातारपणाच्या खात्यात. या देशात घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर रिटायरमेंटचं एक खातं नसतं, आणि नवऱ्याच्या ४०१(के) कडे बघत आयुष्य जातं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की लेकीच्या कॉलेजच्या निमित्तानं का होईना, तुमचं खातं उघडतंय याचा मला क्रेडिटपेक्षा जास्त आनंद आहे. भरताना मात्र ‘२०२५ साठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ब्रोकर ते २०२६ मध्ये टाकून मोकळा होतो. आणि खातं ट्रॅडिशनलच घ्या. रॉथ हा आयआरएचा दुसरा प्रकार, त्याला डिडक्शन नाही, त्यामुळे एजीआय हलत नाही.

घरात हाय-डिडक्टिबल हेल्थ प्लॅन असेल तर एचएसए या आरोग्यखर्चाच्या बचत खात्यातही त्याच तारखेपर्यंत २०२५ चे पैसे टाकता येतात, फॅमिलीला एकूण ८,५५० पर्यंत. ऑफिसातून कापलेले त्यात धरून. तसं असेल तर आणखी पाच हजार टाकून तुम्ही थेट १ लाख ६० हजारांवर उतराल आणि पूर्ण २,५०० मिळतील.

तुमच्या बुककीपिंगचंही विसरू नका. त्यासाठी दुसरं क्रेडिट आहे, ‘लाइफटाइम लर्निंग’. पदवीची अट नाही, हाफ-टाइमची नाही, वर्षांची मर्यादा नाही. नोकरीच्या कामाचा एक कोर्सही चालतो. खर्चाच्या २० टक्के, अख्ख्या रिटर्नला मिळून कमाल २,०००, उतरण तीच. टॅक्स असेल तेवढाच कापतो, रोख परत देत नाही. तुमच्या ९०० चे १८०, त्याचे ७५ टक्के १३५ डॉलर. एकाच विद्यार्थ्यासाठी एका वर्षी दोन्ही क्रेडिट्स घेता येत नाहीत, पण लेकीचं एक आणि तुमचं दुसरं, असं एका रिटर्नवर चालतं.

आता ५२९. इथे मित्रांनी अर्धवट ऐकलेलं आहे. एकाच डॉलरवर दोनदा सवलत घ्यायची नाही, एवढाच तो नियम. ५२९ मधून ट्यूशनसाठी बिनटॅक्स काढलेला डॉलर क्रेडिटसाठी दाखवायचा नाही. पण पैसे कोणत्या खात्यातून कोणत्या खिडकीवर गेले याचा माग कोणी काढत बसत नाही. वर्षाचा एकूण हिशेब जुळला पाहिजे. आणि तुमच्या बाजूची गोष्ट अशी की ५२९ ला चालणारा खर्च क्रेडिटच्या खर्चापेक्षा मोठा आहे. डॉर्म आणि जेवण क्रेडिटला चालत नाही, ५२९ ला चालतं. लॅपटॉप ५२९ ला चालतो. क्रेडिटला मात्र कॉलेजनं प्रवेशासाठी तो सक्तीचा केला असेल तरच. पुस्तकं दोन्हीकडे चालतात, आणि ती कॉलेजच्याच दुकानातून घेतलेली हवीत असंही नाही.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडला. ट्यूशन आणि फी ८,६००, त्यातून स्कॉलरशिप १,५०० वजा, राहिले ७,१००. पुस्तकांसह ७,५२०. यातले ४,००० क्रेडिटसाठी बाजूला ठेवले. उरले ३,५२०. त्यात डॉर्म-जेवणाचे ७,४०० आणि लॅपटॉपचे १,१०० मिळवले की १२,०२०. ५२९ मधून काढलेत ९,५००. आत बसलं, जागा उरली. म्हणजे ५२९ वर टॅक्स नाही आणि क्रेडिटही पूर्ण चार हजारांवर. तुम्ही काही चुकला नाहीत. ५२९ मधून काढलेल्या पैशांचा फॉर्म, १०९९-क्यू, आला असेल, त्याच्याबरोबर हा हिशेब एका कागदावर लिहून पावत्यांना टाचणी मारून ठेवा. पुढे कधी हिशेब चुकून ५२९ मधून जास्त काढलं गेलं, तर टॅक्स लागतो तो त्यातल्या वाढीच्या भागावर, मुद्दलावर नाही. आणि ते जास्त काढणं क्रेडिटमुळे झालेलं असेल तर १० टक्क्यांचा दंडही माफ असतो.

आजोबांचे पाच हजार? तेही तुमच्याच बाजूला मोजले जातात. तिसऱ्या माणसानं थेट कॉलेजला भरलेले पैसे विद्यार्थ्यानं भरले असं धरतात, आणि विद्यार्थी डिपेंडंट असेल तर त्याच्या आईवडिलांनी भरले असं धरतात. पुण्यातल्या माणसाला अमेरिकेचं क्रेडिट नको असतं, मिळतही नाही. सासऱ्यांच्या प्रेमाचा फायदा तुमच्या रिटर्नवर येतो. परदेशातल्या व्यक्तीकडून आलेल्या भेटीवर तुम्हाला किंवा लेकीला टॅक्स नाही. वर्षाला एक लाख डॉलरच्या वर गेलं तरच फॉर्म ३५२० भरून नुसतं कळवायचं असतं. पाच हजारांसाठी तेही नाही. पावती मात्र मागवून घ्या. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर अकाउंट स्टेटमेंट असतं, त्यात तारखेसकट दिसेल.

हाच प्रश्न कर्जाचाही येतो म्हणून सांगते: कर्ज काढून भरलेली फीसुद्धा क्रेडिटला चालते, आणि ती फी ज्या वर्षी भरली त्या वर्षी, कर्ज फेडाल तेव्हा नव्हे. व्याजाचं डिडक्शन वेगळं, वर्षाला २,५०० पर्यंत, आणि कर्ज ज्याच्या नावावर त्याला.

युनिव्हर्सिटीकडून १०९८-टी, म्हणजे ट्यूशनचा फॉर्म, आला असेल. बहुतेक वेळा तो लेकीच्या पोर्टलमध्ये पडलेला असतो आणि पोरांनी तो उघडलेला नसतो, त्यामुळे फोन करायला आणखी एक कारण मिळालं. पहिल्या चौकोनात मिळालेली ट्यूशन, पाचव्यात स्कॉलरशिप. पुस्तकं त्यात नसतात, ती तुम्ही तुमच्या पावत्यांवरून धरायची. त्यावरचा युनिव्हर्सिटीचा टॅक्स नंबर, ईआयएन, फॉर्म ८८६३ वर लागतो, आणि क्रेडिट मागायचा फॉर्म तो हाच. सॉफ्टवेअरला १०९८-टी दिला की ते पहिला चौकोन उचलतं आणि मोकळं होतं. ५२९ ची विभागणी आपल्याला हातानं सांगावी लागते. आणि हे सगळं खरं दाखवा. निष्काळजीपणानं खोटं क्रेडिट घेतलं तर दोन वर्षं बंदी, लबाडीनं घेतलं तर दहा.

न्यू जर्सीचं रिटर्न घाईघाईनं भरू नका. २०२२ पासून राज्यातल्याच कॉलेजच्या ट्यूशनवर दहा हजारांपर्यंत डिडक्शन आहे, ग्रॉस इन्कम दोन लाखांच्या आत असेल तर. तुम्ही बसता. शिवाय पूर्णवेळ कॉलेजात असलेल्या, बावीस वर्षांच्या आतल्या डिपेंडंटसाठी १,००० चं वेगळं एक्झम्प्शन आहे, ट्यूशन आणि राहण्याचा निदान अर्धा खर्च तुम्ही केला असेल तर. हे दोन्ही लोक सर्रास सोडून देतात, कारण सगळं लक्ष फेडरलवर असतं. आयआरएचं डिडक्शन मात्र न्यू जर्सी देत नाही, ते तिथे शोधू नका.

आता जरा पुढचं. ‘चार वर्षांचं कॉलेज, चार वर्षांचं क्रेडिट’ असं आपण म्हणतो, पण ऑगस्ट २०२५ ते मे २०२९ हे कॅलेंडरवर पाच टॅक्स वर्षांत सांडतं. क्रेडिट मिळतं त्यातल्या चारच वर्षी, आणि कोणत्या चार ते तुम्ही निवडायचं. ज्यांचं उत्पन्न पुढे कमी होणार आहे, समजा निवृत्ती जवळ आलीय, त्यांनी पहिल्या वर्षीचं अर्धमुर्धं क्रेडिट सोडून २०२९ चं पूर्ण घ्यावं. त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की शेवटच्या सेमिस्टरची फी डिसेंबर २०२८ मध्ये न भरता जानेवारी २०२९ मध्ये भरायची, कारण जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या टर्मची आगाऊ फी ही भरली त्या वर्षात मोजतात. डिसेंबरात भरून टाकलीत तर २०२९ ला दाखवायला खर्चच राहत नाही.

तुमचं उलट आहे. तुम्ही सप्टेंबरपासून कमावणार, २०२७ पासून दोन पगार, म्हणजे कुंपण ओलांडलंच. म्हणून हातातलं घ्या: २०२५ चं १,८७५ घ्या, आणि २०२६ साठी आत्तापासून तयारी करा. यांना सांगा, ४०१(के) मध्ये कंपनी मॅच करते तेवढंच टाकून थांबू नका. २०२६ ची मर्यादा २४,५०० आहे, आणि तिथे टाकलेला प्रत्येक डॉलर एजीआयमधून जातो. पण ४०१(के) ला पंधरा एप्रिलची सवलत नाही, डिसेंबरच्या पगारापर्यंत काय ते व्हायला हवं. तुमच्या सप्टेंबरनंतरच्या चार महिन्यांच्या पगाराचंही तेच.

१ लाख ८० हजारांच्या पुढे गेल्यावर एक पळवाट उरते. लेकीला तिसऱ्या-चौथ्या वर्षी इंटर्नशिपचे वीस-पंचवीस हजार मिळाले आणि तिला स्वतःला टॅक्स लागला, तर त्या वर्षी तुम्ही तिला डिपेंडंट दाखवायचं नाही. मग क्रेडिट तिच्या रिटर्नवर जातं आणि तिचा टॅक्स खातं. तुमचे ५०० जातात. रोख परत मिळणारा भाग तिला सहसा मिळत नाही, म्हणून तिला टॅक्सच नसेल त्या वर्षी हे करून उपयोग नाही. यंदा आइस्क्रीमवर तर नाहीच.

तुमच्या निमित्तानं इतर वाचकांसाठी दोन गोष्टी.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, मुलं असलेल्या घरांनी हे नीट वाचा. २०२५ च्या रिटर्नपर्यंत, सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर असलेल्या मुलासाठीही क्रेडिट मिळतं. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून करदात्याचा आणि विद्यार्थ्याचाही सोशल सिक्युरिटी नंबर लागणार आहे. गेल्या वर्षीच्या कायद्यातला हा बदल आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागणार आहे, कारण ग्रीन कार्डच्या रांगेत मुलं मोठी होऊन कॉलेजात गेलेली घरं आपल्याकडेच जास्त. तेव्हा २०२५ चं असेल तर ते सोडू नका. आणि मागच्या वर्षांचं राहून गेलं असेल, पण मुलाचा आयटीआयएन त्या रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला असेल, तर तीन वर्षांपर्यंतचं रिटर्न दुरुस्त करता येतं.

दुसरं, प्रत्येकाचा एक भाचा असतो, नागपूरहून किंवा कोल्हापूरहून एमएसला आलेला. त्यालाही १०९८-टी येतो आणि तो आनंदानं मामाला फोन करतो. एफ-१ या स्टुडंट व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी सहसा नॉन-रेझिडंट असतो, आणि नॉन-रेझिडंटला ही क्रेडिट्स नाहीत. त्याला नॉन-रेझिडंटचं रिटर्न, १०४०-एनआर, भरायला सांगा. त्याच्या दोस्तांनी रेझिडंटचं १०४० भरून हजार डॉलर मिळवले असतील, तर ते त्यांना कधीतरी व्याजासकट परत करावे लागतील.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: या आठवड्यात आयआरए उघडून सात हजार, मग रिटर्नमध्ये तो आकडा, ८८६३ वर तुम्ही दोघी मायलेकी, मग पिन किंवा पोस्ट. १०४०-एक्स तिचं तिलाच भरू द्या. सही तिचीच लागते, आणि यंदा तिनं एकदा केलेलं आहे, दुसऱ्यांदा तिला तुमच्यापेक्षा लवकर जमेल. यांनी शेजारी बसायला हरकत नाही, फक्त गप्प बसावं.